सासर गेलं तर गेलं

सुट्टीच्या दिवशी कोपरासाहेबांच्या नजरेस घरात कुठेही मोकळी जागा पडू नये, याची त्यांची बायको शक्यतो काळजी घेत असे. पण त्या सकाळी ती घाईत बाहेर पडली आणि कॉम्प्युटर चालूच राहिला.

कोपरासाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. औषधांच्या एका मोठ्या गोदामाचे ते व्यवस्थापक. खोकी रचताना एखादा कोपरा रिकामा राहिला तर त्यांना अन्न गोड लागत नसे, म्हणून तिथल्या माणसांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. घरीही तेच. निम्मे भरलेले दोन डबे दिसले की एक दुसऱ्यात ओतायचा आणि रिकामा डबा विजयी मुद्रेने ओट्यावर ठेवायचा. एकदा त्यांनी पिठीसाखर आणि खायचा सोडा असे एकत्र नांदवले होते. त्यातून सासूबाईंनी केलेला केक शेजाऱ्यांनी ताटलीसकट परत केला.

बायको आर्किटेक्ट. चांगली नोकरी सोडून तिने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि पहिलंच काम आलं होतं एका शाळेच्या नव्या इमारतीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मंडळींसमोर नकाशे मांडायचे होते. ते पसंत पडले तर काम तिचं, नाहीतर ते दुसऱ्या एका मोठ्या ऑफिसकडे जाणार होतं. शेवटचं एक माप राहिलं होतं, ते घ्यायला ती प्लॉटवर गेली होती. संध्याकाळी येऊन तेवढं नकाशात घालायचं आणि छापून घ्यायचं, असा तिचा बेत होता.

आता हा कॉम्प्युटर. एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं होती. आधीपासूनची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम होतीच, आणि कॉम्प्युटरमध्येच नोकरी करणाऱ्या मेहुण्याने मागे सुट्टीत येऊन शेजारी एक नवी बसवून दिली होती. "ताई, ही नवी चांगली आहे, पण रुळायला वेळ लागेल. तोवर जुनी राहू दे. कंटाळा आला की माहेरी जायचं," असं म्हणून त्याने त्यांची नावंही तशीच ठेवली. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोनच ओळी येत. वरची 'माहेर', खालची 'सासर'. जिथे जायचं तिथे बाण न्यायचा. मेहुणा या विनोदावर स्वतःच बराच वेळ हसला होता.

कोपरासाहेब कायम माहेरात. तिथे त्यांचा पत्त्यांचा डाव असे. सासर हे नाव वाचूनच ते कधी खालच्या ओळीकडे वळले नव्हते. आणि काही दिवसांपूर्वी बायको स्क्रीनसमोर बसून वैतागलेली त्यांनी ऐकली होती, "या माहेरात आता पाय ठेवायलाही जागा उरली नाही." ते वाक्य त्यांच्या मनात घर करून राहिलं होतं. आज ती परत यायच्या आत तिला जागा करून द्यायची, असं त्यांनी डाव मांडता मांडता ठरवलं.

डिस्कवर कुठे किती जागा आहे हे दाखवणारा एक तक्ता त्यांनी शोधून काढला. पट्ट्यापट्ट्यांचा तो तक्ता बघून त्यांना गोदामाचीच आठवण झाली. डावीकडे माहेर, काठोकाठ भरलेलं. आणि उजवीकडे भलामोठा तुकडा, ज्याला ना नाव ना गाव. एवढी जागा आणि कोणाचीच नाही, हे बघून त्यांना आधी राग आला आणि मग आनंद झाला. त्यांनी तो तुकडा निवडला आणि डिलीट म्हटलं. यंत्राने विचारलं, "नक्की का?" कोपरासाहेबांना असं दोनदा विचारलेलं आवडत नसे. त्यांनी हो म्हटलं. आता ही जागा माहेराला जोडायची, पण त्याआधी यंत्र एकदा बंद करून सुरू करावं, म्हणजे त्याचीही मरगळ जाईल, असा त्यांनी विचार केला.

यंत्र सुरू झालं, पण ना माहेर आलं ना सासर. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच उमटलं, की असा कुठला भागच अस्तित्वात नाही. "नसणारच, मीच काढला," कोपरासाहेब म्हणाले. त्याखाली 'रेस्क्यू' असा शब्द होता आणि पुढे एक रेघ लुकलुकत होती. म्हणजे यंत्रच वाचवा वाचवा म्हणतंय असं त्यांनी धरलं आणि 'यस' असं टाइप केलं. अनोळखी आज्ञा, यंत्र म्हणालं. त्यांनी 'हेल्प' टाइप केलं. तीही अनोळखी. मग त्यांनी 'सॉरी' टाइप करून पाहिलं, आणि तेही कामी आलं नाही तेव्हा मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, मी मीटिंगमध्ये आहे. पटकन बोला."

"पटकनच बोलतो. सासर गेलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कसं गेलं?"

"मी काढलं. मला ती जागा रिकामी वाटली."

"अहो, रिकामी कुठली? माहेरातून बघितलं की सासर ओळखूच येत नाही. बिननावाचा तुकडा दिसतो नुसता."

"हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"तुम्ही सासर मोडायला निघाल हे मला काय माहीत? बरं, माहेर उघडतंय का?"

"तेही नाही. ते कुठे गेलं?"

"ते जागच्या जागी आहे. पण दोन्हीकडे जायचं दार सासरच्या जागेत होतं. तुम्ही सासर काढलंत, त्याबरोबर दारही गेलं."

कोपरासाहेबांच्या जिवात जीव आला. "मग सासर गेलं तर गेलं. तिकडे जातंय कोण? मला फक्त माहेर उघडून दे. तुझ्या ताईचं सगळं तिथेच आहे. संध्याकाळच्या आत तिला तिथे पोचवायला पाहिजे. आणि तिला यातलं एक अक्षर बोलू नकोस."

"ताईकडे मी एक लाल पेनड्राइव्ह देऊन ठेवलाय, अशाच अडचणीसाठी. तो लावून यंत्र सुरू करा आणि मग मला फोन करा," एवढं बोलून मेहुणा मीटिंगमध्ये परत गेला.

हे सगळं बोलणं भिंतीपलीकडे सासूबाईंनी ऐकलं. सासू-सासरे काही दिवसांसाठी लेकीकडे राहायला आले होते. सासूबाईंना आधी ऐकू आलं ते "सासरे गेले". त्यांनी दचकून समोर पाहिलं, तर सासरे खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे आपण चुकीचं ऐकलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बरोबर काय ते ऐकण्यासाठी त्या दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथून पुढचं सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"अहो, कोडं ठेवा ते," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आपल्या पोरीचं सासर मोडलं."

"काय?"

"माझ्या कानांनी ऐकलं. म्हणतात, सासर गेलं तर गेलं, संध्याकाळच्या आत तिला माहेरी पोचवतो. आणि तिला अजून पत्ताच नाही."

इकडे कोपरासाहेबांनी पेनड्राइव्हसाठी घर उलथंपालथं करायला घेतलं होतं. कपाटं झाली, खण झाले, शिवणाचा डबा झाला. शेवटी ते सासूबाईंच्या खोलीत डोकावले. "आई, हिची एक लाल वस्तू होती, एवढीशी. कुठे दिसली का?"

"तिच्या वस्तू आत्तापासूनच गोळा करताय?" सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. त्या केकचा राग अजून गेलेला नाही, असं समजून कोपरासाहेब मागे फिरले. आता बायकोला फोन करण्यावाचून इलाज नव्हता.

"तुझा लाल पेनड्राइव्ह कुठे असतो गं?"

"माझ्या किल्ल्यांना लावलाय. का?"

"सहज. किल्ल्या कुठेत?"

"माझ्याजवळ. मी बाहेर आहे ना?"

"हो, हो. मी येऊ का तिकडे, किल्ल्या न्यायला?"

"घरात बसून तुला घराच्या किल्ल्या कशाला हव्यात?"

तिने "तुला बरं आहे ना?" असं विचारून फोन ठेवला, आणि ठेवते तोच तिच्या आईचा फोन आला. "असशील तशी घरी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही," आई म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. नवरा किल्ल्या मागतोय, आई रडतेय. बाबांना काहीतरी झालंय आणि नवऱ्याला गाडी काढायचीय, असं बायकोने ताडलं आणि मोजायची टेप तिथेच टाकून ती निघाली.

सासरे निवृत्त होण्याआधी कामगार कचेरीत होते. कामगार आणि मालक यांच्यात समेट घडवून आणण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी जावयाला बाल्कनीत बोलावलं, दार लावलं आणि नोकरीत होते तशी पाठ ताठ केली. "मला सगळं समजलंय," ते म्हणाले.

कोपरासाहेबांची मान खाली गेली. "चूक सर्वस्वी माझी आहे, बाबा."

एवढ्या वर्षांत पहिल्याच बैठकीत चूक कबूल करणारा पक्ष सासऱ्यांनी पाहिला नव्हता. त्यांची मनात जुळवलेली पुढची वाक्यं वाया गेली. "असं झालं तरी कशाने?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू का? मला वाटलं, इथे काहीच नाहीये. उगाच जागा अडवून बसलंय."

"इतक्या वर्षांनी वाटलं?"

"आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. आज सकाळी नीट बघितलं, तेव्हा दिसलं."

"आणि लगेच मोडून टाकलंत."

"नक्की का, असं विचारलं होतं मला. पण मी तंद्रीत हो म्हणून गेलो."

"कोणी विचारलं?"

"ते नेहमीच विचारतं. आपण लक्ष देत नाही."

हे जावयाचं मन बोलतंय असं सासऱ्यांनी धरलं आणि त्यांना त्याही स्थितीत जावयाबद्दल थोडं बरं वाटलं. "पुन्हा जुळण्याची काही आशा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचा मुलगा बघतो म्हणालाय. पहिल्यांदा त्यानेच तर जुळवून दिलं होतं सगळं."

सासऱ्यांना हे नवीन होतं. लग्न आत्याने जमवलं, अशी त्यांची आजवर समजूत होती. ते यावर विचार करत असतानाच बाहेरचं दार धाडकन उघडलं.

"बाबा कुठेत? काय झालं त्यांना?" बायकोच्या बुटांना प्लॉटवरचा चिखल होता आणि ती धापा टाकत होती.

"मला काय व्हायचंय?" सासरे बाल्कनीतून बाहेर येत म्हणाले.

सासूबाईंनी पुढे होऊन लेकीला जवळ घेतलं. "तू मुळीच काळजी करू नकोस. सासर गेलं तर गेलं. माहेर आहे अजून."

"आहे, पण उघडत नाहीये," कोपरासाहेब मागून म्हणाले.

"आमच्या घराचं दार तिला कायम उघडं आहे," सासूबाई कडाडल्या.

"तुमचं नाही हो आई, कॉम्प्युटरमधलं." कोपरासाहेबांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. तिथे ती रेघ अजून लुकलुकत होती, आणि तिच्यावर त्यांची यस, हेल्प आणि सॉरी ही कामगिरी ओळीने दिसत होती.

बायकोने ती वाचली. "तू सासर डिलीट केलंस?" तिने अगदी हळू विचारलं.

सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे घटस्फोट नाही?"

"कोणाचा?" कोपरासाहेबांनी काळजीने विचारलं. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि आता डोळे पुसायचे की जावयाला चार शब्द सुनवायचे हे त्यांना ठरवता येईना.

बायकोने किल्ल्यांमधून पेनड्राइव्ह काढून यंत्राला लावला. मेहुणा फोनवर आला आणि सांगेल तसं ती करत गेली. या पेनड्राइव्हमध्ये कुठलंही बंद घर मागच्या दाराने उघडायची सोय होती. थोड्या वेळात स्क्रीन निळा झाला आणि माहेर जसंच्या तसं समोर आलं. कोपरासाहेबांचा अर्धा राहिलेला पत्त्यांचा डावसुद्धा तिथे होता.

"सुटलो," कोपरासाहेब म्हणाले. "उघड तुझे नकाशे."

बायको हलली नाही. "नकाशे इथे नाहीत," ती म्हणाली. "ते सासरी आहेत."

"तुझं सगळं इथे असतं ना?"

"असायचं. इथे जागा संपली म्हणून मी तिकडचं शिकून घेतलं. शाळेचं काम पहिल्या रेघेपासून तिकडेच केलंय."

"अगं, मग सांगायचं नाहीस?" कोपरासाहेब आणि फोनमधला मेहुणा एकदमच म्हणाले.

"तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर 'मी सांगत होतो ना' म्हणाला असतास," ती फोनला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुला सांगितलं असतं तर तू इकडची जागा आवरायला घेतली असतीस."

"दुसरीकडे कुठे ठेवले असतील ना? ती बाहेरची डिस्क?" कोपरासाहेबांनी विचारलं.

"ती तू गेल्या महिन्यात साफ केलीस. निम्मीच भरलेली होती म्हणून."

बायको रडली असती किंवा ओरडली असती तर कोपरासाहेबांना बरं वाटलं असतं. ती नुसती स्क्रीनकडे बघत होती. नोकरी सोडताना ती किती घाबरली होती आणि या शाळेचं काम येताच जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या कशी गुणगुणायला लागली होती, हे सगळं त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. रिकाम्या जागेची भीती वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"भाऊजी," फोनमधून मेहुणा म्हणाला, "आठवून सांगा. ती जागा माहेराला जोडलीत का?"

"नाही. म्हटलं आधी यंत्र बंद करून सुरू करावं."

"नशीब. मग तुम्ही नुसती दारावरची पाटी काढलीये, घर पाडलेलं नाही. ताई, पेनड्राइव्हवरूनच परत सुरू कर. आणि भाऊजींना लांब बसव."

कोपरासाहेबांना भिंतीकडच्या स्टुलावर बसवण्यात आलं. हात मांडीवर. सासरे त्यांच्याशेजारी लक्ष ठेवायला बसले. हरवलेली जागा शोधणारी ओळ पडद्यावर मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. सासूबाईंनी चहा केला, तो निवला, त्यांनी पुन्हा गरम केला. ऊन खिडकीतून सरकत स्टुलापर्यंत आलं. मग ओळ थांबली आणि एक हरवलेला भाग सापडला आहे, असं यंत्र म्हणालं. तो होता तिथे परत नोंदवू? आणि त्याखाली त्याने विचारलं, "नक्की का?"

सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"मला विचारू नका," कोपरासाहेब म्हणाले.

बायकोने हो म्हटलं, पेनड्राइव्ह काढला आणि यंत्र नव्याने सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. सासूबाईंनी चष्मा लावून त्या मोठ्याने वाचल्या, "माहेर. सासर," आणि पदर डोळ्यांना लावला. बायको बाण खाली घेऊन सासरात शिरली. नकाशे तिथे होते, वर्गखोल्या, जिने, खिडक्या सगळ्यासकट. तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. राहिलेलं माप तिने प्लॉटवरच्या मजुराला फोन करून घेतलं आणि दिवेलागणीच्या आत नकाशे छापूनही आणले.

शाळेचं काम तिलाच मिळालं. मंडळींना जिन्याखालची जागा विशेष आवडली, कारण ती तिने मुद्दाम मोकळी सोडली होती. घरी हे सांगताना तिने नवऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच.

त्यानंतरच्या सुट्टीला कोपरासाहेबांनी यंत्र सुरू केलं तेव्हा दोन्ही ओळी बदललेल्या होत्या. वर लिहिलं होतं, 'माझं'. खाली लिहिलं होतं, 'तेही माझंच'. त्यांनी निमूटपणे वरच्या ओळीत पाऊल टाकलं. आत यंत्राने कोण आलंय ते विचारलं. तिथे बायकोचं नाव होतं, पासवर्डसकट. त्याच्या शेजारी एक लहानसं चित्र होतं आणि त्याखाली शब्द होता, 'पाहुणा'. पाहुण्याला पासवर्ड नव्हता. पाहुण्याला पत्त्यांचा डाव होता. जागा दाखवणारा तो तक्ता मात्र पाहुण्याला उघडता येत नव्हता. त्यांनी करून पाहिलं.

"बाबा, हे बघा," त्यांनी शब्दकोडं सोडवत बसलेल्या सासऱ्यांना बोलावलं. "मला माझ्याच घरात पाहुणा करून ठेवलंय."

सासऱ्यांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि स्वयंपाकघराचा कानोसा घेऊन आवाज खाली आणला. "मी तर आमच्या घरात कधीपासूनचा पाहुणा आहे. सुरुवातीला जरा वाईट वाटतं. मग लक्षात येतं, की कशाला हात लावावा लागत नाही आणि चूक कधीच आपली नसते."

कोपरासाहेबांनी यावर विचार केला आणि पत्ते पिसले. थोड्या वेळाने सासूबाई दोघांसाठी चहा घेऊन आल्या. ठेवणीतल्या कपात.